पहिल्या सोलोची सही

"मॅडम, लोक आलेत. तुम्ही फक्त सही करा," आमच्या फ्लाइंग स्कूलचे मॅनेजर दारातच म्हणाले.

मी इंदापूरहून उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडत नुकतीच बारामतीच्या विमानतळावर पोचले होते. कुंपणाबाहेर दोन जीप, हार, पेढे आणि कोऱ्हाळे बुद्रुकची अर्धी भावकी. आमची विद्यार्थिनी वैष्णवी आज पहिल्यांदा एकटीनं विमान उडवणार, हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

याला आम्ही सोलो म्हणतो. सोलोचा दिवस विद्यार्थ्याला आधी सांगायचा नाही, ही आमच्याकडची शिस्त. एखाद्या सकाळी इन्स्ट्रक्टर विमानातून उतरतो आणि म्हणतो, "जा आता." पण वैष्णवीला शिकवणाऱ्या अक्षयच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्यानं तिला सांगितलं, तिनं घरी सांगितलं, आणि तिच्या आजोबांनी, म्हणजे तात्यांनी, थेट गुरुजींकडून मुहूर्तच काढून आणला.

अक्षय असिस्टंट इन्स्ट्रक्टर. उडणं, उतरणं सगळं शिकवू शकतो. पण पहिल्या सोलोला तो पाठवू शकत नाही, कायदाच तसा आहे. पूर्ण रेटिंगच्या इन्स्ट्रक्टरनं, म्हणजे मी, स्वतः पारखायचं आणि मग परवानगी द्यायची. लायसन्स देणं तर माझ्याही हातात नाही, ते दिल्लीचं काम.

"अक्षय रेडी म्हणतोय ना?" मॅनेजर म्हणाले.

"त्याच्या डोळ्यांवर माझी सही होत नाही. मी आधी तिच्याबरोबर उडते."

तात्या कुंपणापाशी आले. "मॅडम, धाच्या आत मुहूर्त हाय. उशीर नका करू."

"तात्या, पोर एकटी वर जाणार आहे. मला बघू द्या."

"मास्तर म्हनत्यात, तयार हाय."

"मी अजून म्हटलेलं नाही." जरा तोडूनच बोलले. घाई केली की माझं डोकं तापतं.

वैष्णवी उडाली झकास. वळणं सुरेख, रेडिओवर आवाज ठाम. मी मुद्दाम तोंडाला कुलूप लावलं होतं. उतरताना जमिनीच्या जरा वर विमानाचं नाक अलगद उचलावं लागतं, त्याला फ्लेअर म्हणतात. नेमक्या त्या क्षणी तिनं माझ्याकडं पाहिलं. नाक उचललंच नाही. विमान आपटून उसळलं. मी कंट्रोल घेतला, थ्रॉटल दिला आणि परत वर गेले.

खाली आल्यावर अक्षयचा चेहरा पडला होता. "मॅडम, कालपर्यंत एकही लँडिंग चुकलं नव्हतं!"

"फ्लेअरच्या वेळी तू काय बोलतोस?"

"काहीच नाही."

वैष्णवी हळूच म्हणाली, "सर 'हां' म्हणतात."

अक्षय थक्क झाला. बिचाऱ्याला खरंच माहीत नव्हतं. प्रत्येक लँडिंगला, ऐन वेळी, त्याच्या तोंडून 'हां' निघायचं आणि पोरीचा हात हलायचा. ती रनवेकडं बघतच नव्हती, त्या 'हां'ची वाट बघत होती. मी सही केली असती, तर वर ते कोण म्हणणार होतं?

"नजर रनवेच्या पार टोकाला ठेव," मी तिला सांगितलं. "दोन्ही कडा पसरायला लागल्या की नाक उचल. कुणाची वाट बघू नकोस."

आम्ही पुन्हा उडालो, पुन्हा पुन्हा. मी गप्प. आधी उशीर झाला, मग घाई, मग जमलं, आणि मग जमतच राहिलं. मुहूर्त केव्हाच टळला होता. मॅनेजर घड्याळ दाखवून दमले. वारा अजून बेताचा होता. मी विमान थांबवायला लावलं, उतरले, माझ्या रिकाम्या सीटवर पट्टा आवळला.

"जा आता."

ती गेली. अक्षय शेजारी ओठ मिटून उभा होता. विमान आलं, रनवेच्या टोकावरून खाली सरकलं, नाक अलगद वर, आणि चाकं टेकली ते कळलंही नाही.

"मुहूर्ताबिगर बी उतरली की!" तात्या ओरडले आणि ढसाढसा रडले.

सोलोच्या रिवाजाप्रमाणे बाकीच्या विद्यार्थ्यांनी तिच्यावर पाण्याच्या बादल्या ओतल्या. ओलीचिंब होऊन ती माझ्याकडं धावत आली. "मॅडम, उतरताना मी मोठ्यानं 'हां' म्हणाले. माझं मीच!"

इतका अभिमान मला माझ्या स्वतःच्या सोलोलाही वाटला नव्हता. मग मी सही केली.

शिकवणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. म्हणून पहिल्या सोलोची सही दुसऱ्यानं करायची असते.