एकोणीस वर्षांची एकच

तलासरी तालुक्यात मी आरोग्याच्या नोंदी संगणकावर भरायचे. एकदा वरून पत्र आलं: सरकारी माहिती लोकांसाठी खुली करा, कुणालाही वापरता येऊ दे. मला मनापासून आनंद झाला. वर्षानुवर्षं भरलेले तक्ते कुणी उघडूनही पाहत नव्हतं.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचा तक्ता मीच तयार केला. नावं काढली, मोबाइल नंबर काढले. पाडा, वय, स्त्री की पुरुष आणि निकाल, एवढंच ठेवलं. आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी वरवर नजर टाकली आणि फाइल संकेतस्थळावर चढली.

पंधरा दिवसांनी वेवजीकडच्या आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरचा फोन आला.

"मॅडम, त्या फाइलमध्ये नावं नाहीत ना?"

"नाहीत. का हो?"

"अहो, इथल्या एका पाड्यात घरं मोजकीच आहेत. एकोणीस वर्षांची मुलगी एकच आहे. तिचं लग्न ठरलंय. मुलाकडचे विचारायला आले होते, ही तीच का म्हणून."

मी तक्ता उघडून ती ओळ शोधली. ती मुलगी आजारी नव्हती, फक्त वाहक होती. नवराही वाहक किंवा रुग्ण निघाला तरच पुढे मुलांना धोका. पण हे सगळं तक्त्यात कुठे लिहिलं होतं?

डहाणूच्या एका प्राध्यापिकेने आमच्या तक्त्यावरून पाड्यापाड्याचा नकाशा केला होता, त्यात वय आणि निकालही दिसत होते. तो व्हॉट्सॲपवर फिरत फिरत मुलाकडच्यांपर्यंत पोचला होता. मी त्यांना फोन केला. त्यांनी लगेच नकाशा काढून टाकला, पण म्हणाल्या, "माहिती बंद करू नका हं. कुठल्या पाड्यांत तपासणीच झाली नाही, ते मला त्यातूनच कळलं."

फाइल काढून टाकू म्हटल्यावर साहेब कुरकुरले. "आता काढली तर कारण विचारतील."

"चूक माझी आहे. मी लिहून देते."

दुपारपर्यंत फाइल संकेतस्थळावरून निघाली. तोवर ती किती जणांनी डाउनलोड करून घेतली असेल, या विचाराने मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सिस्टरबरोबर पाड्यावर गेले. मुलीची आई अंगणात नागली पाखडत होती. मी सगळं सांगितलं.

"कागदावर माझ्या पोरीचं नाव होतं?"

"नाही."

"मग त्यांना कळलं कसं?"

मी समजावू लागले, की लहान पाडा आणि वय लिहिलं की नाव नसलं तरी माणूस ओळखू येतो. तेवढ्यात मुलगीच दारात आली. म्हणाली, "मी सांगणारच होते त्याला. आधी मी सांगायला हवं होतं."

 मी तिची माफी मागितली.

सिस्टरने मुलाकडच्यांना समजावलं. मुलगा तपासणीला तयार झाला. त्याचा निकाल येईपर्यंत ऑफिसातला प्रत्येक फोन मीच धावत जाऊन उचलायचे. शेवटी सिस्टरने कळवलं, तो वाहक नाही. लग्न मोडलं नाही.

पुढे आम्ही तक्ता पुन्हा खुला केला. वय नाही, पाडा नाही, फक्त मोठ्या भागांची बेरीज, आणि तपासणी न झालेल्या पाड्यांची वेगळी यादी. त्या यादीवरून दोन शिबिरं झाली. पण जुनी फाइल अजून कुणाच्या तरी फोनमध्ये असेल, हे मनातून जात नाही.

लग्नाचं बोलावणं सिस्टरला आलं. मला आलं नाही, आणि मी त्याची वाटही पाहिली नव्हती.