देवमाशाकडे जाणारा चढ

गोदामात त्याला सगळे ‘पहार’ म्हणत. उंच, सरळ, आणि अडलेलं काहीही हलवायचं असलं की पहिली हाक त्यालाच. आता गुडघे गेले. काठीशिवाय दारापर्यंतही जाववत नाही. नाव मात्र टिकलं. “पहार वाकली रे,” असं जुने सोबती तोंडावर म्हणतात आणि तोही हसतो. दर वेळी हसू येतंच असं नाही.

त्याच्या बायकोनं उभा जन्म एका शाळेत झाडलोट केली. तिथे ती सगळ्यांची मावशी. विज्ञानाच्या खोलीतल्या बरण्या, बरण्यांतले मासे, कपाटातला बेडकाचा सांगाडा, सगळं तिच्याच हातानं पुसलं जायचं. तिथल्या मास्तरांनी एकदा तिला सांगितलं की मोठ्या म्युझियममध्ये अख्खा देवमासा छताला टांगलाय, नुसती हाडं. “मावशी, त्याच्या जबड्यातून तुम्ही झाडू घेऊन उभ्याउभ्या जाल!” तेव्हापासून देवमासा तिच्या डोक्यात घर करून बसला. पण कधी मुलीचं बाळंतपण आलं, कधी याची डबल पाळी, मग याचे गुडघे. आता दोघंही घरी होती. शनिवारी जायचं, असं तिनं ठरवूनच टाकलं.

“तू जा. शेजारणीला घेऊन जा,” पहार म्हणाला.

“ती पाल बघून खुर्चीवर चढते. तिला तिथे नेऊ?”

“मग एकटी जा.”

“आणि घरी येऊन भिंतीला सांगू?”

“मला सांग की.”

“तुम्हाला सांगून कधी काही कळलंय? तुम्ही चला. दारात चाकाची खुर्ची मिळते. शेजारणीच्या पोरीनं फोनवर बघितलंय. पायऱ्यांच्या बाजूनं रॅम्प आहे. मी ढकलेन.”

‘भांडी घासेन’ म्हणावं तसं तिनं ‘ढकलेन’ म्हटलं. पहारनं चहाचा कप खाली ठेवला. शाळेच्या ओल्या फरशीवर पडून तिचं उजवं मनगट मोडलं होतं आणि वाकडंच जुळलं होतं. ओला कपडा पिळायचा असला की ती अजून त्याच्याकडे टाकते. आणि हिनं ढकलायचं कुणाला, तर त्याला. मांस झडलं तरी हाडं जड होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी केस कापायला जातो म्हणून तो निघाला आणि बसमध्ये बसला. रस्ता बघितल्याशिवाय त्यानं कधी गाडी भरली नव्हती.

म्युझियमची इमारत बघायला माणसं मान वर करून उभी होती. पहारनं मान वर केली नाही. सरळ रॅम्पकडे गेला. पाऊल टेकून चढ अजमावला. मग पिशवीतली बाटली काढून थोडं पाणी चढावर ओतलं. पाणी जराही रेंगाळलं नाही. सुसाट आलं आणि त्याच्या चपलेखाली शिरलं. रॅम्प अर्ध्यावर भिंतीशी वळत होता. वळणावर सपाट जागा जेमतेम खुर्ची मावेल एवढी. चढताना अंगाचा जोर लागतो, तो तिच्यात होता. पण उतरताना भरलेली गाडी स्वतःच धावू बघते. उलटी उतरवली तरी ती धरून ठेवायचं काम मनगटांचंच.

“ओ आजोबा, काय सांडताय?” वॉचमन धावत आला.

“पाणी. चढ बघतोय.”

“पाणी ओतून?”

“मग काय, चढालाच विचारू?”

वॉचमन हसला. तेवढ्यावर पहारनं विचारून घेतलं, “मागे मालाची लिफ्ट असेल ना? एवढाले प्राणी काही पायऱ्यांनी आत गेले नसतील.”

“आहे. पण ती मालाची.”

“मग मला मालात धरा.”

“मालाबरोबर कागद येतो. तुमचा कुठाय?” मग वॉचमनचा आवाज उतरला. “खरंच नाही जमायचं, आजोबा. माणूस बसवला तर माझी नोकरी जाईल. पण काळजी करू नका, कुणीतरी हात देतंच.”

कुणीतरी. एकदा गोदामात दोघांनी ‘दुसऱ्यानं धरलंय’ असं समजून पिंप सोडलं होतं. ते कुणाच्या तरी पायावर पडलं नव्हतं. त्याच्या शेजारच्या माणसाच्या पडलं होतं.

त्यानं कठडा धरला आणि स्वतःच चढायला लागला. वळणापर्यंत गेला. तिथे गुडघा थरथरायला लागला तो थांबेचना. तो खाली बसला. समोर भिंत होती. शेवटी वॉचमननं खांदा देऊन त्याला खाली आणलं.

घरी बायकोनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. “केस कुठे कापलेत? आतून?”

“म्युझियम बंद आहे,” तो म्हणाला.

“असं न्हाव्यानं सांगितलं?”

ती बोलत होती, पण तिचा उजवा हात टॉवेलखाली होता. त्यानं टॉवेल उचलला. मनगट टम्म सुजलेलं.

“काय केलंस हे?”

“किराणावाल्याची हातगाडी घेतली. पोती ठेवली आणि गल्लीच्या चढावर नेऊन बघितली.”

“गेली?”

“गेली.”

“आणि उतरताना?”

तिनं टॉवेल परत मनगटावर ओढला.

मग त्यानंही सगळं सांगितलं, लिफ्ट, वॉचमन, पाणी. “चढावर गाडी अडली की माल उतरवतात. वर नेऊन परत भरतात. चढ मी चालतो. तू रिकामी खुर्ची आण.”

“आज चाललात?”

“वळणापर्यंत.”

“आणि पुढे?”

“पुढे नाही जमलं.”

“वळणावरून दिसतं काय?”

“भिंत.”

तिला हसू फुटलं आणि तसंच विरलं.

“मी खुर्चीत तिथे बसतो,” तो म्हणाला. “तू आत जाऊन ये. गाडीजवळ एक माणूस लागतोच.”

“तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसणार आणि मी आत मजा बघणार? मग नकोच ते.”

ती स्वयंपाकघरात गेली. भांडी आपटली, तीही डाव्या हातानं. पहार बसून राहिला. बसनं जाऊन आपण काय आणलं? तिचा शनिवार तेवढा मोडून आणला. न जाता तरी काय, रॅम्प काही सपाट झाला नसता.

थोड्या वेळानं ती बाहेर आली. हातात पट्टीची गुंडाळी.

“वळणापर्यंत तुम्ही चाला. पुढचा चढ माझा. उतरताना त्या वॉचमनला बोलवायचं. कुणीतरी नको, तोच. शनिवारी असतो ना तो?”

पहारनं खाली बघितलं. “विचारलं नाही.”

“एवढं पाणी ओतलंत आणि हे विचारलं नाहीत?”

तिनं मनगट पुढे केलं. त्यानं हलक्या हातानं पट्टी गुंडाळली. तिनं मूठ वळून बघितली. पट्टी सैलावली.

“हे आजाऱ्याचं झालं,” ती म्हणाली. “कामाचं बांधा.”

त्याला वाटलं, पट्टी खिशात घालावी आणि विषय संपवावा. तिनं हात मागे घेतला नाही. त्यानं पट्टी सोडली आणि अंगठ्यापासून पुन्हा सुरुवात केली, ओढून, वेढ्यावर वेढा.

“अजून,” ती म्हणाली.

त्यानं अजून ओढलं.