डॉक्टर दळवींनी न केलेलं ऑपरेशन

डॉक्टर सत्यजित दळवी अबुधाबीतल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात मेंदूचे सर्जन आहेत, आणि त्यांना घाबरत नाही असा ज्युनिअर तिथे अजून रुजू व्हायचाय. अल रीम आयलंडवरच्या त्यांच्या घरी पत्नी ममताताईसुद्धा म्हणतात, की या माणसाला पोळी वाढतानाही परीक्षा दिल्यासारखं वाटतं. मूळ गडी साताऱ्याचा. इतकी वर्षं आखातात काढूनही आवाजातली जरब तसूभर कमी झालेली नाही.

ती जरब बघायची तर गुरुवारच्या बैठकीत. अवघड ऑपरेशन करायचं असेल तर सर्जनने आधी तिथे केस मांडायची, ही शिस्त डॉक्टरांनीच घातलेली. समोरच्या खुर्चीतल्या माणसाला ते हमखास विचारत, "गेल्या वर्षात अशी किती केलीस?" सर्जनच्या बोर्डाची परीक्षा कधीकाळी पास झालात, लायसन्सही वेळच्या वेळी रिन्यू होतंय, छान आहे, पण हात आज कसा चालतो ते भिंतीवरच्या सर्टिफिकेटला कुठून कळणार, असं त्यांचं म्हणणं. या प्रश्नापायी भल्याभल्यांची तोंडं एवढीएवढीशी झाली होती.

अशात वसंतरावांचं दुखणं निघालं. वसंतराव शिर्के म्हणजे डॉक्टरांचा आखातातला पहिला मित्र. दुबईत अल क्वोजला त्यांचं अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांचं वर्कशॉप आहे. डोकं दुखतं म्हणून तपासणी केली, तर मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला फुगा आलेला दिसला. फुटला तर जिवावरच बेतायचं. असे बहुतेक फुगे हल्ली मांडीतून बारीक तार घालून बंद करतात. पण याचं तोंड रुंद होतं, तेव्हा कवटी उघडून मुळाशी क्लिप लावण्यावाचून इलाज नव्हता.

"सत्या, माझ्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये," वसंतरावांनी बजावलं. "यल्ला, चल, डेट फिक्स कर."

कागदोपत्री डॉक्टरांना अडवणारं काहीच नव्हतं. परवानगी होती, नाव होतं, वर मित्राचा हट्ट. क्लिप लावण्यात एके काळी त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि खरं सांगायचं तर हे ऑपरेशन आपणच करावं असं त्यांना मनापासून वाटत होतं.

गुरुवारी ते स्वतः त्या खुर्चीत बसले. केस मांडून झाली तसे सगळे आपापल्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. साहेबांना कोण विचारणार?

"विचारा ना," डॉक्टर म्हणाले. "काय विचारायचं ते तुम्हाला पाठ आहे."

शेवटी डॉक्टर फिझा मुकादमने मान वर केली. मुरूडची ही मुलगी डॉक्टरांच्याच हाताखाली तयार झालेली. बोर्डाच्या तोंडी परीक्षेआधी त्यांनी तिला रडू येईस्तोवर प्रश्न विचारले होते. पुढे ती क्लिपचं काम शिकायला जपानला जाऊन आली, आणि आता अशा केसेस तिच्याकडेच जात.

"सर, गेल्या वर्षात अशी किती केलीत?" विचारताना तिने नजर काही खाली घेतली नाही.

कितीतरी दिवसांत डॉक्टरांना इतका आनंद झाला नव्हता. "एकही नाही," ते म्हणाले. "केस तुझी, फिझा. मी असिस्ट करेन."

वसंतरावांना हे सांगणं मात्र फार जड गेलं. ऐकून वसंतराव तोंड फिरवून बसले. त्यांच्या पत्नी कमलिनीवहिनींनी सरळच विचारलं, "भावजी, एवढी वर्षं घरच्यासारखे राहिलात आणि ऐन वेळी त्या लहान मुलीच्या हवाली करताय?"

"वहिनी, माझ्या डोक्यात हा फुगा निघाला असता तर मी तिच्याच टेबलावर झोपलो असतो," डॉक्टर म्हणाले. "वसंताला बेस्ट हात मिळायला पाहिजे. तो आज माझा नाही." एवढं बोलून त्यांनी संमतीचा फॉर्म पुढे ठेवला.

वहिनींनी तो फॉर्म वाचून काढला. मग म्हणाल्या, "इन्शाल्ला, सगळं नीट होईल. यांची सही कुठे घ्यायची?"

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टर निमूटपणे सक्शनची नळी धरून फिझाच्या शेजारी उभे राहिले. फुग्याच्या मागे केसासारखी एक रक्तवाहिनी चिकटलेली निघाली. फिझाने ती ज्या सबुरीने सोडवली ते मायक्रोस्कोपमधून बघताना डॉक्टरांना कळून चुकलं, की इथे आपण घाई केली असती. वाईट वाटायला हवं होतं, पण मास्कच्या आड ते चक्क हसत होते. ही पोर आपण शिकवलेली आहे, हे त्यांना त्या खोलीतल्या प्रत्येकाला सांगावंसं वाटत होतं.

वसंतराव ठणठणीत बरे झाले आणि त्यांनी वर्कशॉपच्या मंडळींना जेवण घातलं. डॉक्टरांच्या खांद्यावर हात टाकून ते ज्याला त्याला सांगत सुटले, "हा माझा जिगरी. यानेच मला वाचवलं."

डॉक्टरांनी फिझाला हाक मारून पुढे आणलं. "ऑपरेशन हिने केलं. मी असिस्टंट होतो."

"अरे, दोस्ताने केलं म्हणून सांगण्यात माझी शान होती," वसंतराव कुरकुरले.

"मग सांग, दोस्ताच्या स्टुडंटने केलं म्हणून," डॉक्टर म्हणाले. "त्यात माझी शान जास्त आहे." आणि जेवणाच्या रांगेत त्यांनी तिला आपल्या पुढे उभं केलं.