मामांच्या काट्यावरची पोरं

साऱ्या वऱ्हाडात त्या तेजीच्या वर्षांत असा एकच माणूस होता, की ज्याला कापसाच्या भावात काडीचा रस नव्हता. आणि गंमत म्हणजे कापूस तोलणं हाच त्याचा धंदा होता. हे आमच्या हिचे सख्खे मामा. अमरावतीच्या कापूसबाजारात ते मापारी होते. तिकडे दूर अमेरिकेत भाऊबंदकी पेटली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना एकाएकी सोन्याचा भाव आला. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या. ज्यांच्या घरी मातीची गाडगी होती, त्यांच्याकडे तांब्याचे हंडे आले. मी अकोल्यात एका दलालाकडे कारकून होतो. मलासुद्धा त्या दिवसांत जरीकाठी उपरणं घ्यावंसं वाटलं आणि मी ते घेतलं. ते मिरवत अमरावतीला गेलो, तर मामांनी उपरण्याचा काठ बोटांनी चाचपला आणि माझ्या दंडाला चिमटा काढून म्हणाले, "उपरणं ब्येस हाय जावईबापू. पन आतला मानूस थोच हाय. वजन वाढलं का?"

वजन हा मामांचा ध्यास होता. त्यांचा काटा म्हणजे आडव्या लाकडी दांडीला साखळदंडांनी टांगलेली दोन भलीमोठी पारडी. तो त्यांच्या स्वतःच्या मालकीचा होता आणि त्यावर त्यांचं मामींपेक्षा काकणभर जास्तच प्रेम होतं. घरी आलेला पाहुणा आधी काट्यावर बसे, मग पाटावर. आमच्या लग्नात त्यांनी माझ्या काकांना पंगतीआधी तोललं, पंगतीनंतर पुन्हा तोललं आणि भर मांडवात जाहीर केलं की व्याह्यांच्या पोटात तीन शेर ऐवज गेला आहे. काका पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मामांना मात्र त्यात काय चुकलं तेच कळेना. "वैद्य नाडी पाह्यते, मी पारडं पाह्यतो," ते म्हणायचे, "यात राग येयासारखं काय हाय?"

पण हा नुसता चाळा नव्हता. तेजीच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी मामांच्या डोक्यात एक प्रश्न शिरला आणि तो काही केल्या बाहेर निघेना. ते मला म्हणाले, "लोकं म्हन्तेत पैसा आला. आला असंन. मंग थो कोनाच्या आंगावर चढला अन् कोनाच्या नाई, थे मी पाहून राहिलो." बाजाराच्या आवारातच सरकी काढायच्या चरख्यांची पडवी होती. तिथल्या बायांची पोरं दिवसभर कापसाच्या ढिगांवर लोळत. शेजारीच त्या चरख्यांच्या आणि आवाराच्या मालकाचा, शेठजींचा वाडा, आणि वाड्यात शेठजींचा नातू. मामांना ही सगळी पोरं तोलायची होती, दर महिन्याला, निदान वर्षभर.

आता आमच्याकडे पोर तोलणं म्हणजे त्याला नजर लावणं. गया नावाची एक बाई चरखीवर होती. तिची रुखमी तीन वर्षांची, हातापायांच्या काड्या झालेली. मामांनी तिला उचलायला हात पुढे केला तशी गया चरखी सोडून धावली. "मामा, माह्यं लेकरू काय कापूस हाय काय? तोलू नोका. आंधीच जीव येवढासा हाय तिचा."

मामांनी दोन दिवस काट्याशेजारी बसून डोकं खाजवलं. तिसऱ्या दिवशी त्यांना वाट सापडली. पोर तोललेलं चालतं ते एकाच वेळी, नवस फेडताना. देवाला बोललेलं असलं, की पोराची गुळानं तुला करायची आणि तो गूळ घरी न नेता जागेवरच वाटून टाकायचा. मामांनी देवाला बोलायचा सपाटाच लावला. रुखमीचा खोकला गेला म्हणून नवस. गेला नाही तरी कमी झाला म्हणून नवस. कुणाला दात आला, कुणाचं जावळ निघालं, कुणी पडलं पण रडलं नाही, सगळ्याला नवस. चरखीवरची सात पोरं आणि वाड्यातला आठवा शेठजींचा नातू. शेठजींना तर आपल्या नातवाची कुणी परस्पर तुला करतो याची धन्यताच वाटली. बाजारातले गूळवाले चाचा ढेप तोडता तोडता मला म्हणाले, "जावईबापू, तुमचे मामा बडे धार्मिक आदमी हाय." मामा तोलणावळीचा पैसा न् पैसा गुळात घालत होते आणि मामी मला बघितलं की डोळ्याला पदर लावत होत्या.

प्रत्येक पोराच्या नावानं काट्यामागच्या भिंतीवर कोळशाची रेघ उठे. नातू भरला सोळा शेर. त्याच पोळ्याच्या आठवड्यात जन्मलेली रुखमी भरली नऊ. दुसऱ्या महिन्यात साडेआठ. ज्या दिवशी एखाद्या पोराची रेघ खाली येई, त्या दिवशी मामा जेवत नसत. मामी ताट वाढून बसत, मामा पाण्याचा तांब्या पिऊन उठत. रेघ वर गेली, तर मात्र नेहमीपेक्षा दोन भाकरी जास्त खात. रुखमी साडेआठ भरली तो दिवस मला आठवतो. मीही तिथंच होतो. मामांनी गयेला विचारलं, "अवो, रोजी तं वाढली ना तुयी? मंग हे पोट्टी काहून वाळून राह्यली?" गया चरखी फिरवता फिरवता म्हणाली, "पैसा हातात येते मामा, पन पैशाले ज्वारी कोठं भेटते? समद्या वावरात कापसाची पराटी लावली लोकायनं. पैसा काय शिजवून खाऊ?" मामा त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही जेवले नाहीत. ही पोरगी पावसाळा काढते की नाही, एवढी एकच काळजी त्यांना लागून राहिली.

आणि मग मोठा चमत्कार झाला. पुढच्या महिन्यात रुखमी नऊ भरली. त्याच्या पुढच्या महिन्यात साडेनऊ, मग सव्वादहा. सातही पोरांच्या रेघा वर चढू लागल्या. मी आणि ही भेटायला गेलो, तर मामा भिंतीसमोर डोकं धरून बसलेले. "जावईबापू, घोटाया झाला. हा गूळ कोन खाऊन राह्यलं? हेच पोट्टे! मी तोलून नोतो राह्यलो, चारून राह्यलो होतो! समदी भित नासली माही."

मला हसू आवरेना. ही मात्र हसली नाही. भाचीच ती, मामांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. म्हणाली, "मामा, नासलं कुठं? तुमाले जे पायजे होतं, थेच तं भितीवर लिवलं हाय. पोटात गेलं का आंगावर येते. आता भितीले सांगू नोका, शेठजीले सांगा."

मामांनी मान वर केली. मग भाकरी मागितली.

दुसऱ्या दिवशी भर बाजारात, कापसाच्या गाड्या ताटकळत ठेवून, त्यांनी एका पारड्यात नातू बसवला आणि दुसऱ्यात रुखमी. नातवाचं पारडं धप्पकन जमिनीला टेकलं, रुखमीचं वर गेलं. गया तोंडावर हात ठेवून उभी. शेठजी गादीवरून ओरडले, "अरे मापारी, ये काटा कापूस का है के पोरांचा? गाड्या खोळंबल्या! उद्यापासून माझ्या आवारात हा काटा नको!" मामांच्या पोटावरच पाय येणार होता. पण ते घरून आणलेल्या पोत्यातली ज्वारी ओंजळीनं घेऊन रुखमीच्या पारड्यात टाकत गेले. रुखमी आधी घाबरली, मग दाणे मुठीत धरून हसायला लागली. ओंजळीमागून ओंजळ पडत होती आणि बाजार भोवती गोळा होत होता. दांडी आडवी झाली, तेव्हा पोरगी कमरेपर्यंत ज्वारीत बुडाली होती.

"शेठजी, दोघायचा जलम एकाच आठोड्यातला," मामा म्हणाले. "येवढी ज्वारी कमी पडली हिले. बस, येवढंच सांगाचं होतं. काटा सोडू का आता?"

शेठजींनी त्या दांडीकडे पाहिलं. मग "गाड्या घ्या," एवढंच म्हणाले आणि आत गेले. काटा होता तिथंच राहिला. चार दिवसांनी चरख्यांच्या पडवीत ज्वारीची पोती येऊन पडली आणि रोज संध्याकाळी रोजीबरोबर प्रत्येक बाईच्या पदरात मापभर ज्वारी पडू लागली. बाकीच्या व्यापाऱ्यांनी शेठजींची टिंगल केली. पुढे दोघांनी तेच केलं, उरलेल्यांनी नाही केलं. मामांच्या हातून साऱ्या जगाचं पारडं काही सारखं झालं नाही. पण त्या पडवीतल्या सातांपैकी सातही पोरं पावसाळा पार करून गेली, आणि त्या पावसाळ्यात मामी सारख्या तक्रार करत होत्या की भाकऱ्या थापून थापून हात दुखतात.

अमेरिकेतली भाऊबंदकी मिटली, भाव कोसळले, शेंब्या गेल्या आणि माझं उपरणंही गेलं. काही वर्षांनी मामाही गेले. जाताना काटा हिच्या नावानं ठेवून गेले. तो आमच्या अकोल्याच्या घरी ओसरीच्या तुळईला टांगला आहे, आणि येणारे-जाणारे त्यावर डोकं आपटतात.

गेल्या पोळ्याला एक तरुण बाई कडेवर पोर घेऊन दारात उभी राहिली. चांगली उंच, भरल्या अंगाची. म्हणाली, "मी रुखमी. गयाची. माय सांगे, तुले ज्वारीसंगं तोललं होतं म्हून. माह्या पोराले बी त्याच काट्यावर तोला. नवस हाय माहा, गूळ आनला हाय."

आम्ही पोराला बसवलं. तिनं आणलेली ढेप दुसऱ्या पारड्यात ठेवली; पोराचं पारडं हललंच नाही. हिनं घरातला गूळ आणला, तरी हललं नाही. शेवटी ज्वारीचा डबा रिकामा केला तेव्हा कुठं ते उचललं गेलं, आणि पोरानं रागानं भोकाड पसरलं. रुखमी हसत होती. मला मात्र दांडी नीट दिसेनाशी झाली.

"आज मामा असते तं दोन भाकरी जास्त जेवले असते," ही म्हणाली. मग आत जाऊन तिनं खरोखरच दोन भाकरी जास्त थापल्या आणि रुखमीच्या ताटात वाढल्या.