उघड्या चिपवरचं कुंकू

प्रज्ञेश गायकवाडला आयुष्यात एकच गोष्ट सिद्ध करायची होती: आपला प्रकाश अडत नाही. सदाशिव पेठेत रस्ता खणलेला दिसला की स्कूटरवाला निमूट बोळात शिरतो आणि पलीकडे निघतो ना, अगदी तसं. नखाएवढ्या चिपवर त्याने प्रकाशाला कडेकडेने अशी वाट आखून दिली होती, की मध्ये दोष आला तरी तो वळसा घेणार आणि दुसऱ्या टोकाला प्रकाशकणांच्या जोड्या बिनबोभाट बाहेर पडणार. या विद्येला टोपोलॉजी म्हणतात, आणि गुप्त संदेशांसाठी म्हणे या जोड्यांना सोन्याचं मोल.

पण तपासणी समितीच्या शर्मिला मॅडम मोठ्या खमक्या. "दोष तुम्हीच घालता, तोही आपल्या सोयीच्या जागी. त्यात काय मोठंसं?" दसऱ्यानंतर त्या पुन्हा येणार होत्या. पटलं नाही तर प्रकल्प बंद, आणि प्रज्ञेशची नोकरीही.

अशात खंडेनवमी आली. प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा व्हायची, आणि घरी बुद्धवंदना म्हणणारा प्रज्ञेश तेवढा वेळ गुपचूप चहाला जायचा. परत येऊन बघतो तर काय! श्रीधर सरांनी, म्हणजे त्याच्या साहेबांनी, झाकण काढून ठेवलेल्या चिपलाही भक्तिभावाने कुंकू वाहिलेलं.

"अहो सर, धूळ चालत नाही म्हणून आपण इथे चपला बाहेर काढतो!"

"कुंकवाला धूळ म्हणतोस?"

दुसरी चिप यायला कित्येक महिने. पुसावं तर ओरखडे. झक मारत त्याने तीच लेसरखाली ठेवली. आणि जोड्या आल्या! किंचित कमी, पण आल्या.

समितीपुढे त्याने खरं तेच सांगितलं. "हा दोष मी घातलेला नाही. पूजेत पडलाय."

मॅडम पहिल्यांदाच हसल्या. प्रकल्प वाचला. "देवीची कृपा," सर कृतार्थ होऊन म्हणाले. मॅडमची अट एकच: नव्या चिपांवरही हेच कुंकू टाकून पुन्हा दाखवायचं.

प्रज्ञेश तुळशीबागेतून पुडी घेऊन कर्वेनगरला घरी आला. त्याच्या आईने, कांताबाईंनी, ती पिशवीतून काढली आणि डोळे वटारले. त्याने सगळं सांगितलं.

"म्हणजे तुझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेऊन घरातला देव्हारा उचलला, आणि नातू सरकारी पैशाने कुंकू आणतोय?"

"आई, दोष म्हणून आणलंय गं."

"हो ना? मग सांग की तसं तुझ्या सरांना!"

प्रज्ञेशने पुडी मुकाट पुन्हा पिशवीत टाकली. नोकरी नुकतीच वाचली होती.