ठिणगीचं बारसं

दुपारचं जेवण झालंय, ओटा आवरून झालाय, आणि शालन पोतनीस दिवाणावर आडवी झालीय ती झोपायला नाही, पालीवर नजर ठेवायला. उशाशी काचेची पेटी आहे. पेटीत नारळाच्या करवंटीखाली बोटाएवढं पिल्लू बसलंय, पिवळं, काळ्या पट्ट्यांचं, मोठ्या डोळ्यांचं. समोर वाटीत अळ्या वळवळतायत, पण बाईसाहेब त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. पाळीव प्राण्यांच्या प्रदर्शनातून घरी आणल्याला आठवडा होत आला, तोंडात काही घेतलेलं नाही. सगळी शिदोरी म्हणे शेपटीत साठवलेली असते, ती शेपटी आता काडी झालीय. सकाळीच भाचीचा फोन आला होता. "मावशी, मन घट्ट कर हं. एवढी लहान पिल्लं कधीकधी नाही जगत." शालनने मन घट्ट केलंय, पण ते तसं राहत नाही.

काळजीत भर म्हणून अख्खी सोसायटी बाळ बघायला येऊन गेली. कर्णिकवहिनींनी तर लोकरीचं टोपडं विणून आणलं, चेष्टेने, पण नीट गोंडा लावून. माणूस आलं की चहा होतो, पेटीचं झाकण उघडतं आणि पिल्लू या तळहातावरून त्या तळहातावर फिरून येतं. विकणाऱ्या मुलाने सांगितलं होतं, सुरुवातीला हिला हात लावू नका. पण घरी आलेल्याला बाळ न दाखवता परत कसं पाठवायचं?

पंखा घरघरतोय. पट्टे एकदा दिसतात, एकदा दिसत नाहीत. डोळा लागलाय की नाही, हे शालनला सांगता येणार नाही, आणि तेवढ्यात दाराबाहेरून आवाज येतो.

"शालन, आधी सांग, ती कुठे आहे?"

हा प्रश्न जगात एकच माणूस विचारतो. मधुसूदन पोतनीस, अग्निशमन दलातले अधिकारी, गेल्या पावसाळ्यात वारले. जळत्या गोदामात बेधडक शिरायचे, पण घरी ट्यूबलाइटमागे पाल दिसली की जिन्यात जाऊन उभे राहायचे. मग शालनने केरसुणी आणि सुपली घ्यायची, पाल अलगद सुपलीत घेऊन बाहेर सोडायची आणि नवऱ्याला हाक मारायची. सगळा संसार असा झाला.

"पेटीत आहे," ती म्हणते. "झाकण लावलंय."

"घट्ट?"

"घट्ट. या."

मधुसूदन आत येतात. अंगावर गणवेश, डोक्यावर हेल्मेट, पायांत काही नाही.

"तुम्ही गेलात ना हो?"

"गेलो की. पण कानावर आलं, तू घरात पाल आणलीस." ते पेटीपासून चार हात लांब उभे राहतात. "आणि तीसुद्धा विकत."

"तुम्ही असताना आणता आली असती का?"

"म्हणजे मी जायची वाट बघत होतीस."

"हो ना," शालन म्हणते आणि तिला हसू येतं. किती महिन्यांनी त्यांच्याशी भांडायला मिळतंय.

नीट दाखवावी म्हणून ती पेटी उचलते, तर हातात पेटी आहे आणि पायाखाली लाल गालिचा. हे मंगल कार्यालय, प्रदर्शन इथेच भरलं होतं. आदल्या दिवशीच्या लग्नाची झेंडूची तोरणं तशीच आहेत आणि टेबलांवर भोकं पाडलेल्या झाकणांचे डबे मांडलेत, डब्याडब्यांत पाली, सरडे, कासवं. मधुसूदन थेट स्टेजवर पोचलेत. नवरदेवाच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसलेत.

"मला इथून दिसतंय सगळं," ते म्हणतात.

"ही बघा, इथून घेतली. बाकीची पिल्लं निजलेली, ही एकटी मान वर करून बघत होती. आणि माझ्याकडे बघून हिने पापणी मिटली. आपल्या भिंतीवरच्या पालींना पापण्या नसतात."

"तू त्यांच्या पापण्याही बघितल्यास?"

"तुम्ही जिन्यात असायचात. मी आणि ती दोघीच घरात. दुसरं काय बघणार?"

मधुसूदन हसतात. शालनचं हसू मात्र अर्ध्यातच राहतं. "खात नाही हो," ती म्हणते. "काहीच खात नाही. हिलाही आता पोचवायची वेळ आली तर माझ्याच्याने नाही व्हायचं."

ते काही बोलणार, एवढ्यात कार्यालयात रांग लागते. सगळी सोसायटी आहेर घेऊन यावी तशी येते आणि जो तो तळहात पुढे करतो. शालनच्या हातात चहाचा ट्रे आलाय आणि तो खाली ठेवायला जागाच नाही. "या, बसा, साखर किती?" ती म्हणत राहते. तिकडे पिल्लू हातोहात पुढे जातंय, लहान लहान होत चाललंय.

"मागे सरा," खुर्चीतून आवाज येतो. "सगळे मागे सरा. वाट मोकळी करा."

आगीच्या ठिकाणी ते याच आवाजात बोलायचे. पाण्याचा पाइप नंतर, बघे आधी हटवायचे. घरीही पंगतीत गर्दी झाली की हाच आवाज लागायचा आणि मुलं फिदीफिदी हसायची. आता कुणी हसत नाही. रांग मागे सरते, टेबलं सरतात, तोरणं सरतात, आणि उरते ती हिरव्या भिंतींची खोली, लोखंडी कॉट, सलाइनचा स्टँड. मधुसूदन कॉटवर आहेत. ही खोली शालनला चांगली ठाऊक आहे.

"इथे कशाला आणलंत मला?"

"आठवतं? पेज भरवत होतीस, आणि एक चमचा उतरत नव्हता. भोवती सगळं गणगोत. कोणी हात धरतंय, कोणी कपाळ चाचपतंय."

"प्रेमाने आली होती माणसं."

"प्रेमानेच. पण मी फार घाबरलो होतो, शालन. घाबरलेल्याच्या घशाखाली काही उतरत नाही."

"मला बोलला नाहीत."

"पालीचं सगळ्यांना माहीत होतं. म्हटलं, एवढी अब्रू गेली तेवढी पुरे." ते हेल्मेट काढून मांडीवर ठेवतात. "मग सगळे गेले. तू खुर्चीत बसून वाटाणे सोललेस. बोलली नाहीस, हात लावला नाहीस. तेव्हा कुठे पेज गेली."

शालनला ते वाटाणे आठवतात. घरी वेळ मिळत नाही म्हणून तिने पिशवीतून नेले होते, आणि नंतर कितीतरी दिवस तिला त्याची लाज वाटत राहिली होती. नवरा आजारी आणि ही वाटाणे सोलतेय, असं लोक म्हणाले असतील. आता तिला एकदम भरून येतं.

"म्हणजे हिलाही तसंच होतंय?"

"भित्र्याला भित्राच ओळखणार. माझ्याकडून लिहून घे."

आता ती दोघं घरी, हॉलमध्ये जमिनीवर बसली आहेत. मधे पेटी.

"नाव काय ठेवलंस?"

"म्हटलं, आधी जगू दे."

"बिननावाची कशाला जगेल ती?" मधुसूदन मान लांब करून, अंग मागे ठेवून आत डोकावतात. "पिवळीधमक आहे. ठिणगी ठेव. आयुष्यभर विझवत आलो, ही एक जगवू."

शालन पेटीवर वाकते. "कुर्रर्र," ती हळूच म्हणते. "ठिणगी."

बारशाला कानात नाव सांगणारीच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, आणि इथे धपाटा घालायला माणूस एकच. मधुसूदन उठतात. आयुष्यात पहिल्यांदा पालीच्या इतक्या जवळ येतात, डोळे गच्च मिटतात आणि शालनच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घालतात.

"अहो, हळू."

"बारशाला कोणी हळू मारतं का?" मग ते एक डोळा उघडतात. "शालन, ती माझ्याकडे बघतेय."

"बघू दे."

"बरं," ते म्हणतात, आणि जिन्यात पळत नाहीत. तिथेच उभे राहतात.

दाराची बेल वाजते. शालन दचकून उठते. पंखा चालू आहे, हॉलमध्ये कोणी नाही. ती दार थोडंसंच उघडते. बाहेर कर्णिकवहिनी, सोबत त्यांची बहीण.

"ही डोंबिवलीहून आलीय, बाळ बघायला."

"आज नाही, वहिनी. काही दिवस कुणालाच नाही. घाबरलंय ते."

"अगं, नुसतं लांबून."

"लांबूनही नको."

कर्णिकवहिनी बघतच राहतात. शालनने जन्मात कुणाला चहाशिवाय परत पाठवलेलं नाही. ती दार लावते, पेटीवर जुनी साडी टाकते, एक फट ठेवते आणि बाजूला बसते. हात लावत नाही, बोलत नाही.

बऱ्याच वेळाने करवंटीखालून एक तोंड बाहेर येतं. मग सगळं अंग. काडीसारख्या शेपटीचं टोक थरथरतं, आणि ठिणगी वाटीतली एक अळी गट्ट करते. थोडं थांबून दुसरी. शालन तोंडावर पदर धरून हसते, रडतेही, पण आवाज होऊ देत नाही.

संध्याकाळी साडी बदलताना पाठ चुणचुणते. ती आरशाकडे वळून मागे बघते. दोन खांद्यांच्या मधोमध पाच बोटं लालबुंद उमटली आहेत. ती मलमाची डबी उघडते, बोट बुडवते, थांबते, आणि डबी तशीच बंद करून कपाटात ठेवून देते.