चौदा महिन्यांची तीन वर्षं

आमच्या आयटीच्या धंद्यात अनुभव इडलीच्या पिठासारखा असतो, ठेवला की फुगतो. मला जपानला पाठवताना कंपनीने माझ्या अडीच वर्षांची साडेचार केली होती आणि मीही ती क्लायंटसमोर न अडखळता सांगितली होती. यात लाजण्यासारखं काही आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं, असं नाही.

टोकियोच्या एदोगावा भागात आमच्या घराजवळच्या सरकारी शाळेला वर्गात मदतनीस हवी होती. जपानी न येणाऱ्या परदेशी मुलांशेजारी बसायचं आणि शिक्षक काय म्हणतात ते हळूच समजावून द्यायचं, एवढं काम. बायको पुण्यात शाळेत शिकवत होती, रीतसर बी.एड. करून. त्या बी.एड.वर इथे शिक्षिका होता येत नाही. इथलं लायसन हवं, म्हणजे पुन्हा कॉलेज. मदतनीसाला मात्र पदवी आणि कामापुरतं जपानी पुरत होतं. इथल्या पाच वर्षांत तिला चालेल असं हे पहिलंच काम. जाहिरात तिने फ्रिजवर लावली आणि दूध काढतानाही वाचू लागली.

"अर्ज मी भरतो," मी म्हणालो. "बोलायला तू, लिहायला मी. जपानी लिपीतलं माझं कांजी बरं आहे."

"हो ना. तेच कांजी वाचून तू जाळायच्या कचऱ्यात बाटल्या टाकल्यास. खालच्या आजोबांनी पिशवी दारात आणून ठेवली होती."

तरी अर्ज मीच भरला. तिचा अनुभव चौदा महिन्यांचा, मग मुलगी झाली. कागदावर चौदा महिने फारच केविलवाणे दिसत होते. मी तीन वर्षं लिहिली. खोटं बोलतोय असं वाटलंच नाही. नवऱ्याचं कर्तव्य पार पाडतोय असं वाटलं. ती पोळ्या लाटत असताना, "पोस्ट बंद होईल, सही कर," म्हणून पिठाच्या हातानेच सही घेतली.

मुलाखत छान झाली. गप्प बसणाऱ्या मुलाशी कसं बोलाल, असं त्यांनी विचारलं होतं, आणि ती घरी येऊन तासभर मला तेच सांगत होती. आठवड्याने पत्र आलं: आधीच्या शाळेचा दाखला पाठवा, तारखांसकट.

मी गुपचूप पुण्याला मुख्याध्यापिकाबाईंना फोन लावला. "बाई, तारखा जरा इकडेतिकडे करता येतील का?"

"इकडेतिकडे म्हणजे?"

"म्हणजे... दोनेक वर्षं."

"अहो, तुम्ही इंजिनिअर ना?" बाई म्हणाल्या. "तिने कधी हजेरीपटावर खाडाखोड केली नाही. तुम्ही तिच्या नावाने करताय? तिला माहीत आहे का हे?"

त्या संध्याकाळी मी बायकोला सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने गॅस बंद केला आणि विचारलं, "चौदा महिने कमी वाटले तुला?"

दुसऱ्या दिवशी ती, जिथे अर्ज पाठवला होता, त्या वॉर्ड ऑफिसात गेली. मी मागे मागे. तिने वाकून सगळं सांगितलं. समोरच्या बाईंनी अर्ज पुन्हा वाचला आणि हलक्या आवाजात विचारलं, हे कुणी लिहिलं? मी तोंड उघडेपर्यंत बायको म्हणाली, "सही माझी आहे."

त्या बाईंनी अनुभवाच्या रकान्यावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या की अनुभवाची अट नव्हतीच. एक महिना लिहिला असता तरी चाललं असतं. पण चुकीची माहिती असलेला अर्ज आता पुढे पाठवता येत नाही. पुढची भरती पुढच्या वर्षी. त्यांनी तो कागद दोन्ही हातांनी परत दिला. त्याआधीच, मार्चमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट संपून आम्ही पुण्याला परतणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

परतताना ती सायकलवर पुढे होती. सिग्नलला मी तिला गाठलं.

"मी सांगणार होतो तिथे, की मीच..."

"मला पुन्हा कुणीतरी बाई म्हणणार होतं," ती समोर बघत म्हणाली. "बाकी काही नाही रे."

सिग्नल सुटला. ती गेली. मागच्या सायकलवाल्याने दोनदा घंटी वाजवली, तेव्हा मी पायडल मारलं.